खटांनी मोजलेला चेंडू

हे मी आजवर टाळत आलो. आठवणी लिहायला बसल्यापासून दोन वह्या भरल्या. गावाकडची शाळा लिहून झाली, वडील गेल्यावर सुरतेला येणं झालं, तिथल्या लिंबायत वस्तीतलं पहिलं वर्षही झालं. पण भास्कर भाऊजींच्या त्या महिन्यापाशी आलो की मी काहीतरी निमित्त काढून उठायचो. कधी चष्मा पुसायचा असे, कधी गोळीची वेळ झालेली असे. साठी उलटून गेलेल्या माणसाला निमित्तांची ददात नसते.

परवा मात्र उठता आलं नाही. सध्या पुन्हा फुटबॉलचा वर्ल्डकप चालू आहे. मुलाच्या घरी भिंतभर टीव्ही आहे आणि मी सोफ्यावर टेकून बघत होतो. शेजारी नात फोनवर मैत्रिणीशी बोलत होती. हसत हसत, अगदी कौतुकाने ती म्हणाली, "आमच्या भास्करआजोबांचा तर एक डोळाच गेला होता फुटबॉलपायी. मशीन चालवतानाही त्यांचं लक्ष मॅचमध्ये असायचं म्हणे." हे वाक्य मी चाळीसेक वर्षं ऐकतो आहे. लग्नांत ऐकलं, बारशांत ऐकलं, भाऊजींच्या दहाव्याला नदीवरसुद्धा एकाने ते ऐकवलं. वाक्य खोटं आहे. ते खोटं आहे हे सांगू शकणारा जिवंत माणूस आता मी एकटाच उरलो आहे.

भास्कर भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. अमळनेरकडच्या आमच्या गावातून मी सुरतेला आलो तो त्यांच्याच घरी. घर म्हणजे दीड खोली. पुढच्या खोलीत आम्ही झोपायचो, मागच्या अर्ध्या खोलीत चूल, मोरी आणि आक्काची मांडणी. आमच्या गल्लीच्या मागच्या अंगाला लूमचं खातं होतं. कापड विणण्याच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. साठ माग होते त्यात. ते चालू असले की मांडणीवरच्या ताटल्या एकमेकींना लागून किणकिणायच्या, पितळी तांब्यातल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उमटत राहायची. आक्काची लेक तेव्हा वर्षाची होती. ती त्या खडखडाटात गाढ झोपायची आणि वीज गेली, माग थांबले, की दचकून उठून रडायला लागायची. आक्का कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या पिठाच्या भाकरी थापायची तेव्हा तिच्या तळव्यांचा आवाज मागांच्या ठेक्यात आपोआप मिसळायचा. आक्काला ते सांगितलं तर ती म्हणायची, "मंग काय, शेठ माले बी पगार देई का?"

भाऊजी त्या खात्यात जॉबर होते. माग बिघडला की दुरुस्त करायचा, नवा बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, चढला की जुळवून द्यायचा, हे जॉबरचं काम. अंगाने काटकुळे, नखांत कायमचं काळं तेल, कानावर पेन्सिल. मॅट्रिक झाले होते. विज्ञानाचे मास्तर व्हायचं मनात होतं, ते राहिलं. पण त्यांच्यातला मास्तर काही गेला नव्हता. अकरावीचं एक जुनं भौतिकशास्त्राचं पुस्तक त्यांच्याकडे होतं, त्याला साडीच्या तुकड्याचं कव्हर शिवलेलं. जेवायला बसले की भाकरीचा पापुद्रा उचलून आत बघायचे आणि विचारायचे, ही कडेला फुगते आणि मध्ये का नाही? आक्का वैतागायची. "तुमले भाकर खावानी शे का तिनी परीक्षा लेवानी शे?" मग ते ठेच्याला बोट लावून निमूट जेवायचे. पण दुसऱ्या दिवशी तव्याखालचा जाळ थोडा सरकवून ठेवलेला असायचा आणि भाकरी मध्येही फुगायची. आक्काने हे कधी कबूल केलं नाही. मी पाहिलेलं आहे.

त्या वर्षी शेजारच्या शांताबेननी टीव्ही घेतला. त्यांचं घर खात्याच्या भिंतीला लागूनच होतं. काळापांढरा टीव्ही, लाकडी पेटीतला, पेटीला सरकतं दार. संध्याकाळी सगळी गल्ली त्यांच्या ओसरीवर. शांताबेन कुणाला नको म्हणायच्या नाहीत. फक्त चपला बाहेर नीट ओळीत लागल्या पाहिजेत एवढाच त्यांचा कायदा. आणि त्याच जूनमध्ये टीव्हीवर फुटबॉलचा वर्ल्डकप आला. आमच्यात फुटबॉल कुणी खेळलेलं नव्हतं. गावाकडे कबड्डी, सुरतेत क्रिकेट. अकरा-अकरा जण एका चेंडूमागे धावतात आणि हात लावत नाहीत, याचंच पहिल्या दिवशी गल्लीला हसू आलं. आमच्याच खात्यात विणकाम करणारा नामदेव म्हणाला, "यास्नी हात काय भाड्यानी दिन्हात का?"

भाऊजी हसले नाहीत. ते मागे भिंतीला टेकून बसले होते आणि चेंडूकडे बघत होते. त्या दिवसापासून शांताबेन त्यांच्यासाठी ती भिंतीजवळची जागा राखून ठेवायला लागल्या. "आवो भास्करभाई, तमारी जग्या राखी छे," म्हणायच्या आणि सेव-खमणाची बशी त्यांच्यापुढे सरकवायच्या.

त्यांना कोण जिंकतं याच्याशी देणंघेणं नव्हतं. कोणता देश कुठे आहे हेही त्यांनी कधी विचारलं नाही. काळ्यापांढऱ्या पडद्यावर सगळे शर्ट एकतर करडे नाहीतर पांढरे. "करडे" आणि "पांढरे" एवढीच त्यांची संघांची नावं. एकदा गोल झाला, ओसरी उठून नाचायला लागली, आणि भाऊजी वहीत काहीतरी काढत खाली मान घालून बसलेले. नामदेव ओरडला, "मास्तर, गोल व्हयना! तुम्ही काय देखी ऱ्हायनात?" भाऊजींनी मान वर केली. "व्हयना का? कोना?" ओसरीवर जो हशा पिकला तो मला अजून ऐकू येतो. भाऊजीही हसले. मग वही दाखवत म्हणाले, गोल तर झालाच, पण त्याआधी चेंडू हवेत वळला होता, तो का वळला ते सांगा.

ऑफसाइड आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. रेषेवरचा माणूस मध्येच झेंडा उचलायचा आणि चांगला झालेला गोल रद्द व्हायचा. ओसरी त्याला शिव्या द्यायची. भाऊजींनी तो नियम कुणाला विचारला नाही. चार मॅच ते फक्त झेंडा बघत राहिले. झेंडा वर गेला की पुढचा माणूस कुठे उभा होता त्याचं टिंब वहीत. पहिल्या मॅचनंतर म्हणाले, गोलच्या फार जवळ उभं राहायची मनाई असावी. दुसऱ्या मॅचमध्ये एक जण अगदी जवळ उभा असूनही झेंडा गेला नाही. त्यांनी आधीचं वाक्य खोडलं नाही, त्याच्यासमोर 'चूक' लिहिलं आणि खाली नवीन अंदाज लिहिला. चौथ्या मॅचच्या शेवटी त्यांनी नियम सांगितला, चेंडू मारला जातो त्या क्षणी कोण कुठे असतं यासकट. काही महिन्यांनी पेपरात तो नियम छापून आला तेव्हा मी शब्द न् शब्द ताडून पाहिला. तंतोतंत तोच होता. माझ्या आयुष्यात मी बरीच शिकलेली माणसं पाहिली. पण स्वतःचं वाक्य चुकलं म्हणून इतकं खूश होणारा माणूस दुसरा पाहिला नाही.

आणि ते खटांचं माप. ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माग चालतो तेव्हा धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी ती लाकडी होडी, इकडून तिकडे फेकला जातो आणि प्रत्येक फेकीला एक खट वाजतो. शांताबेनच्या भिंतीला अगदी लागून असलेल्या पहिल्या मागाचा खट बाकीच्या गलक्यातून वेगळा ऐकू यायचा. भाऊजींनी स्वतःच जुळवलेला माग. मिनिटाला दीडशे खट, एक कमी नाही की जास्त नाही. म्हणजे दोन खटांमध्ये अर्ध्या सेकंदाहून थोडा कमी वेळ. सेकंद मोजणारं घड्याळ त्यांच्याकडे नव्हतं, तेव्हा ते चेंडू खटांनी मोजायचे. पेनल्टीचा चेंडू पायापासून जाळीपर्यंत एक खट आणि वर थोडं. कोपऱ्यातून मारलेला चेंडू गोलसमोर यायला चार, कधी पाच खट. "एका खटात गोलकीपरनी काय करवं सांग," ते मला म्हणायचे. "त्यानी आधीच उडी मारेल ऱ्हास. तो चेंडू देखत नही, मारणारानी कंबर देखस." मग मी कंबर बघायला लागलो, आणि खरंच, कंबर आधी बोलते. आता टीव्हीवर हेच चार तज्ज्ञ कोट घालून सांगतात, रेषा काढून, हळू हळू दाखवून. मला दरवेळी वाटतं, यांच्यापैकी एकालाही पाठीमागून खट ऐकू येत नसणार.

चेंडू हवेत का वळतो हे त्यांनी मला अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, दाखवलं. सूत संपल्यावर उरलेली पुठ्ठ्याची हलकी नळी घेतली, तिच्याभोवती दोऱ्याचे दहा-बारा वेढे घेतले, नळी पाटावर आडवी ठेवली आणि दोऱ्याला जोरात हिसका दिला. नळी गरगरत सुटली, आणि खाली पडायच्या ऐवजी वर चढली. चक्क वर चढली, एक गिरकी घेऊन पाण्याच्या टाकीवर आपटली. मी आ वासून बघत राहिलो. "फिरणारी वस्तू वाऱ्याला एकीकडे ढकलस," भाऊजी म्हणाले, "मंग वारा तिले दुसरीकडे ढकलस. बस, एवढंच. चेंडू कोठे जास ते नको देखू, हिरा. तो सोताभोवती कसा फिरस ते देख." त्या संध्याकाळी आम्ही वीसेक नळ्या उडवल्या. दोरा वरून गुंडाळला तर नळी खाली दबते, खालून गुंडाळला तर वर चढते, उभी धरली तर बाजूला वळते. खालून आक्का हाका मारत होती, "आते बठा जेवाले! चेंडू काही पळी जात नही!" आणि वांग्याच्या भरिताचा, जळक्या मिरचीचा वास जिन्यावरून वर येत होता. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. जग असं उलगडून दाखवता येतं हे मला त्या अगाशीवर पहिल्यांदा कळलं.

माझी पाळी रात्रीची होती. रात्री आठ ते सकाळी आठ, चार माग माझ्याकडे. महत्त्वाच्या मॅच साडेआठच्या सुमारास सुरू व्हायच्या, त्यामुळे मला फक्त सुट्टीच्या दिवशीच्या मॅच मिळाल्या. बाकीच्या मी दुसऱ्या दिवशी भाऊजींच्या वहीत वाचायचो. उपांत्य फेरी आली तेव्हा मी रडकुंडीला आलो होतो. त्या मॅचमध्ये करड्या शर्टांचा तो खेळाडू होता, ज्याचा कोपऱ्यातून मारलेला चेंडू जणू एखाद्या भिंतीला वळसा घालून यायचा. भाऊजी महिनाभर त्याच मॅचची वाट बघत होते. दुपारी जेवताना मी भाकरीचे नुसते तुकडे मोडत होतो. त्यांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू जाय मॅच देखाले. मी तुनी बदली करस." आमच्यात एकाच्या जागी दुसऱ्याने पाळी भरण्याला बदली म्हणतात. मी नको म्हणालो. पण फार जोरात म्हणालो नाही.

"फुकट नही," ते हसून म्हणाले आणि कानावरची पेन्सिल काढून माझ्या कानावर ठेवली. "त्याना एकेक कॉर्नर मोजजो. किती खट, कोणीकडे फिरना, किती वळना. आपलं समदं त्या वहीत पाहिजे." आक्का भाजी वाढता वाढता थांबली. "महिनाभर तुम्ही त्याच मॅचना जप करी ऱ्हायनात, आणि आते हाऊ जाई?" "त्याना डोळा तरुण शे," भाऊजी म्हणाले. "चांगला दिसस त्याले."

आता ते लिहितो, जे मी लिहिलेलं नव्हतं.

आमच्या खात्यात एक रीत होती. मागात काही बिघाड दिसला की विणकराने मागाच्या हँडलला एक चिंधी बांधायची. चिंधी बांधलेला माग कुणी चालू करायचा नाही. ती चिंधी सोडायचा हक्क फक्त जॉबरला, दुरुस्ती झाल्यावर. शेठ स्वतः आला तरी तो चिंधीला हात लावायचा नाही. नवीन माणसाला मागाला हात लावू देण्याआधी हे शिकवायचे. मलाही भाऊजींनीच शिकवलं होतं.

त्या दिवशी भाऊजी जेवून येईपर्यंत माग सांभाळायला मी साडेसातलाच खात्यात गेलो. दिवसपाळीचा विणकर ओडिशाचा होता. त्याला महिनाभरासाठी गावी जायचं होतं, गाडी पकडायची होती, तो दाराशी पिशवी घेऊनच उभा. जाता जाता म्हणाला, "तीन नंबर का पट्टा कट गया है, चिंदी बांधी है, जॉबर को बोल देना," आणि गेला. मी तिसऱ्या मागाशी जाऊन पाहिलं. धोट्याला फटका देणाऱ्या दांड्याचा चामडी पट्टा कडेने अर्धा चिरला होता. अशा पट्ट्यावर धोटा तिरका सुटतो, कधी मागातून बाहेर उडतो. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवत नाही. पण पट्टा बदलायला दोन माणसं लागायची, एकाने दांडा ताणून धरायचा, दुसऱ्याने पट्टा चढवायचा आणि मग माग पुन्हा जुळवायचा. तासभर तरी मोडला असता. भाऊजींनी चिंधी पाहिली असती तर ते म्हणाले असते, ये, दांडा धर. मी चिंधी सोडली आणि खिशात घातली. माग चालू केला. तो नीट चालला. पाऊण तास नीट चालला, आणि मी मनाला सांगितलं, एवढी रात्र निघेल, सकाळी सांगू.

सव्वाआठला भाऊजी जेवून आले, तोंडात बडीशेप. चारही मागांवरून त्यांनी नजर फिरवली. हँडल मोकळी होती. "समदं बराबर शे ना?" त्यांनी विचारलं. मागांच्या आवाजात बोलणं ओठांवरून वाचावं लागतं, त्यामुळे ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हणालो, "हो, भाऊजी." त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि दाराकडे बोट केलं. जा, पळ.

शांताबेनच्या ओसरीवर मी भाऊजींच्या जागेवर बसलो. व्होल्टेज नेहमीसारखं कमी होतं; चित्र आक्रसून पडद्याच्या मधोमध आलेलं, चहूबाजूंनी काळी चौकट. पहिले तीन कॉर्नर मी मन लावून मोजले. पाठ भिंतीला, भिंतीपलीकडून पहिल्या मागाचा ठेका. साडेचार खट, आतल्या बाजूला वळला. चार खट, आतल्या बाजूला. पाच, बाहेरच्या. मी वहीत लिहीत होतो आणि मला फार मोठं काम करत असल्यासारखं वाटत होतं. चौथ्या कॉर्नरला तो खेळाडू चार पावलं मागे गेला, धावत आला, चेंडू उचलला गेला, आणि मी मोजायला लागलो. एक. दोन. तीन.

चौथा खट आलाच नाही.

भिंतीमागचा सगळा आवाज एकदम बंद झाला. साठ माग एका झटक्यात थांबले. आणि त्याच क्षणी, विजेवरचा लोड उतरल्यामुळे, टीव्हीवरचं चित्र फुलून कडेपर्यंत पसरलं, लख्ख झालं, गवताचं पातं न् पातं दिसावं इतकं. ओसरीवर आनंदाची लाट आली. "जुओ, केवुं चोख्खुं देखाय छे!" शांताबेन ओरडल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बंद पडलेल्या आवाजाने आमच्या घरात आक्काची लेक रडायला लागलेली मला ऐकू आली. पाळीच्या मध्यावर खातं तेव्हाच बंद करतात, जेव्हा कुणाला तरी लागलेलं असतं. चेंडूचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. मी उठून धावलो.

भाऊजी चौथ्या मागावर तुटलेला धागा सांधायला वाकले होते. तिसऱ्या मागाचा धोटा उडाला आणि त्याचं पोलादी टोक डाव्या डोळ्यात लागलं. ते जमिनीवर बसले होते, दोन्ही हात डोळ्यावर, आणि ओरडत नव्हते. सरकारी दवाखान्यात नेलं. डोळा राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी शेठने सगळ्यांना खात्यात गोळा केलं. तुटलेला पट्टा त्याच्या हातात होता. त्याने विचारलं, "लूम पर चिंदी हती?" नामदेव म्हणाला, त्याने तरी पाहिली नाही. मग सगळे माझ्याकडे वळले, कारण माग मी चालू केला होता. चिंधी माझ्या पँटच्या खिशात होती. मी म्हणालो, "नव्हती." जो सांगू शकला असता तो गाडीत बसून ओडिशाला निघून गेला होता, आणि पुढे तो आमच्या खात्यात परत आलाच नाही.

मग हे झालं कसं, असा प्रश्न उरला. एवढा पक्का जॉबर, त्याला अर्धा चिरलेला पट्टा दिसला नाही? नामदेवने उत्तर शोधलं, आणि त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता. "मास्तरनं मन मॅचमा व्हतं," तो म्हणाला. लोकांना ते पटलं. महिनाभर त्यांनी ती वही पाहिलेलीच होती. गल्लीतून ते खात्यात गेलं, खात्यातून गावाकडे, गावाकडून नातेवाइकांत. कुणी मला विचारलं की मी मान हलवायचो. दोन-तीनदा तर मीच सांगितलं, नवीन माणसाला, हसत. वस्तुस्थिती ही की त्या रात्री अख्ख्या गल्लीत मॅच सोडून दिलेला माणूस एकच होता, आणि तो मागावर होता.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी भाऊजींनी वही मागितली. दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती, म्हणून मला वाचायला सांगितलं. मी तीन कॉर्नर वाचले. "आणि पुढला?" मी पुढचे चार मनाने रचले आणि वहीत लिहीत लिहीत वाचून दाखवले. ते ऐकत राहिले, बोटांनी चादरीवर खट वाजवत. मग म्हणाले, "पाचवा जमत नही. इतला वळना आणि तीनच खट? तुनी मोजणी चुकनी व्हई." मी म्हणालो, असेल. "ऱ्हाऊ दे. खोडू नको. समोर चूक लिहीसन ठेव." आक्का पलंगाच्या पायथ्याशी बसली होती. तिच्या पुढ्यात मी पाचव्या आकड्यासमोर 'चूक' लिहिलं. बाकीच्या तीन रचलेल्या आकड्यांसमोर काहीच लिहिलं नाही.

त्यांनी कुणालाही दोष दिला नाही. "मनीच चूक," म्हणायचे. "मागले हात लावाना आधी पट्टा देखाले पाहिजे व्हता." एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही, म्हणून जॉबरकी सुटली. मग घरी बसून आक्काबरोबर कांड्या, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या, भरायचं काम घेतलं, आणि बसल्या बसल्या मला जॉबरचं काम शिकवलं. मी खात्यातून येऊन सांगायचो, अमुक माग असा आवाज करतो. ते डोळे मिटून ऐकायचे आणि सांगायचे, कुठला नट. त्यांच्या जागेवर मी लागलो, पुढे खात्याचा मास्तर, म्हणजे सगळ्या मागांवरचा मुख्य, झालो. माझं घर, मुलांची शिक्षणं, हा सोफा, सगळं त्या शिकवण्यावर उभं आहे.

त्यांच्याबद्दलचं ते वाक्य त्यांच्यासमोरही बोललं जायचं. ते चिडायचे नाहीत, कधी खरं काय ते सांगायचेही नाहीत. मला तेव्हा वाटायचं, कंटाळले असतील. दर चार वर्षांनी वर्ल्डकप आला की त्यांची नवी वही निघायची. मी एकदा धीर करून म्हणालो, एका डोळ्याने मॅच बघताना अडचण होत असेल. ते उत्साहाने सरसावून बसले. "अरे, टीव्ही सपाटच ऱ्हास ना! त्यामा खोली नसतेच. तुम्ही दोन डोळासनी जे देखतस तेच मी एकानी देखस. मॅचपुरतं मनं काही नुकसान व्हयेल नही." हे त्यांनी मला समजावून सांगितलं, कागदावर दोन डोळ्यांतून निघणाऱ्या रेषा काढून. मी त्या रेषांकडे बघत राहिलो.

आक्का आधी गेली. भाऊजी मग बारडोलीला लेकीकडे राहायला गेले. मागच्या वर्ल्डकपच्या वेळी त्यांच्या उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. ऐंशीच्या जवळ आलेला माणूस, पण स्पर्धा सुरू व्हायच्या आत ऑपरेशन झालंच पाहिजे म्हणून लेकीच्या मागे लागले आणि करून घेतलं. मी त्यांना भेटायला गेलो तो एकच गोष्ट ठरवून. सुरतेपासून बसमध्ये वाक्य जुळवत होतो. साखर कारखान्याचा हंगाम चालू होता, रस्ताभर उसाच्या गाड्या आणि तो गोड, आंबूस वास. वाक्य साधं होतं. चिंधी होती, भाऊजी. मी सोडली होती. मला क्षमा करा.

ते अंगणात खुर्चीवर बसले होते, काळा चष्मा लावून. लेक आत कामात होती. मला आवाजावरून ओळखलं. आदल्या दिवशीची मॅच सांगितली, कुणी कसा चेंडू वळवला ते हातवारे करून दाखवलं. मग म्हणाले, थेंब घालायची वेळ झाली, तूच घाल, तुझा हात स्थिर आहे. मी चष्मा काढला. त्यांनी मान मागे टाकली, आणि तो एकच डोळा, नवाकोरा, स्वच्छ, माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर उघडा राहिला. मी बाटली धरली. पहिला थेंब पडला. त्यांनी पापणी मिटली नाही, बोटांनी ताणून धरली होती.

"तू काहीतरी सांगाले उना ना?" ते तसेच, वर बघत म्हणाले. "आल्यापासून तुना श्वास वेगळा शे. सांग ना."

मी दुसरा थेंब घातला आणि म्हणालो, "डोळा मिटा, भाऊजी. औषध बाहेर येईल."